चांदणी, टिल्डा आणि पाचवी गोळी

गेल्या शनिवारी सकाळी सव्वासातला नाशिकहून ताईचा फोन. शनिवारी सव्वासातला येणारे फोन चांगले नसतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव. फोन कानाला लावला तर पहिलंच वाक्य, "अरे, बाबांना रात्री गोळ्या चार की पाच?"

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या सुरू झाल्या, वर्षभराने डॉक्टरांनी त्यातली एक बंद केली. ही सगळी यादी मी माझ्या नोट्सच्या ॲपमध्ये ठेवतो. (पोराने इंजिनियर होऊन घरासाठी केलेलं एवढंच एक काम, असं आईचं मत आहे.) एरवी महिन्याचा गोळ्यांचा डबा आईच भरते, तिला यादी-बिदी लागत नाही. पण या महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून डबा ताईने भरला. मी पाठवलेल्या यादीवरून. आणि रात्रीच्या खणात पाच गोळ्या गेल्या. जुनी पाकिटं कपाटात होतीच. आईने सकाळी डबा उघडला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने एका क्षणात सांगितलं, "ही गुलाबी कशी काय आली? ही तर बंद झाली ना!"

बाबांनी ती घेतली नव्हती, हे आधी सांगून टाकतो. पण मी पार हादरलो. कारण ती गोळी मी यादीत खोडली होती. बंद झाली त्याच दिवशी, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून. सवयीने दोन टिल्डा, गोळीचं नाव, पुन्हा दोन टिल्डा. ॲपने लगेच त्या नावावरून छान आडवी रेघ मारली होती. मग या जूनमध्ये ते ॲप सोडलं (नाव सांगत नाही, उगीच भांडण नको), सगळ्या नोट्स मार्कडाउनमध्ये एक्सपोर्ट करून दुसरीकडे आणल्या, आणि तिथून यादीची पीडीएफ ताईला पाठवली. त्या प्रवासात रेघ गळून पडली. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली डोंबलाची, 'रात्री जेवणानंतर' हे ठळक अक्षरांतलं मात्र शाबूत राहिलं. एक मेलेली गोळी ठळक अक्षरांत जिवंत होऊन उभी.

संध्याकाळी बाबांशी बोललो. बाबा तीस वर्षं एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, मराठी तीस इंग्रजी चाळीसवाले. सगळी हकीकत ऐकून शांतपणे म्हणाले, "लाल रिबन कार्बनला दिसत नाही रे."

म्हणजे काय? टाइपरायटरला दुरंगी रिबन असायची, वरचा अर्धा भाग काळा, खालचा लाल. नवीन आलेला टायपिस्ट हौसेने सुनावणीची तारीख लाल करायचा. वरचा कागद फार सुंदर दिसायचा. पण खाली कार्बन लावून चार प्रती निघत, आणि त्या सगळ्या प्रतींवर ती तारीख बाकीच्या मजकुरासारखीच निळी किंवा काळी. म्हणून जुनी माणसं महत्त्वाचा शब्द लाल करत नसत. शब्द टाइप करायचा, बॅकस्पेसने मागे यायचं आणि त्याखाली अधोरेखा ठोकायची. ती चौथ्या प्रतीवरही उमटते. खोडायचं असेल तर शब्दावर एक्सच्या फुल्या. त्याही चौथ्या प्रतीवर उमटतात.

मग काय, रविवार या विषयात गेला. बायको म्हणाली, "वॉशिंग मशीन लावणार होतास." असो.

आपण नोट्स लिहिताना जे स्टार, अंडरस्कोर, हॅश ठोकतो ते कुणा एका माणसाने शोधलेलं नाही. त्याची मुळं बाबांच्या मशीनपर्यंत जातात, आणि थोडी त्यामागेही. छापखान्यात हस्तलिखित द्यायचं तर शब्दाखाली एक सरळ रेघ म्हणजे 'हा इटॅलिक घे', नागमोडी रेघ म्हणजे 'हा ठळक घे'. म्हणजे अधोरेखा ही सजावट नव्हती, कंपॉझिटरला दिलेली सूचना होती. पण सूचना असूनही ती वाचता यायची. छापखान्यात कागद गेलाच नाही तरी वाचणाऱ्याला कळायचं की या शब्दावर जोर आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कॉम्प्युटर. १९६४ मध्ये एमआयटीत जेरोम सॉल्टझर नावाच्या विद्यार्थ्याला पीएचडीचा प्रस्ताव लिहायचा होता. त्याने त्यासाठी रनऑफ नावाचा प्रोग्राम लिहिला. ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन हुकूम लिहायचा: इथे मधोमध घे, इथे जागा सोड, इथे नवीन पान. बाकीच्या ओळी म्हणजे मजकूर. (अभ्यास टाळण्यासाठी आधी टूल लिहायचं, ही परंपरा किती जुनी आहे बघा.) रनऑफचे वंशज म्हणजे युनिक्सवरचे रॉफ, एनरॉफ, ट्रॉफ. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवाल्यांना नवीन मशीन हवं होतं, तेव्हा त्यांनी वरिष्ठांना सांगितलं की आम्ही मजकूर तयार करायची व्यवस्था बनवतोय. आणि १९७१ च्या सुमारास त्याचे पहिले खरे ग्राहक कोण, तर कंपनीच्या पेटंट विभागातल्या टायपिस्ट! ज्या युनिक्सच्या जिवावर आज आपलं घर चालतं, त्याच्या जन्माला टायपिस्टांचा असा हातभार आहे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग."

त्याहून मजेदार भाग पुढे आहे. युनिक्सवर कुठल्याही कमांडचं मॅन पेज उघडलं की काही शब्द ठळक, काही अधोरेखित दिसतात. एनरॉफने हे करण्याची रीत अशी: ठळक हवं असेल तर अक्षर, बॅकस्पेस, पुन्हा तेच अक्षर. अधोरेखा हवी असेल तर अंडरस्कोर, बॅकस्पेस, अक्षर. म्हणजे पडद्यामागे चक्क टायपिस्टच बसलाय! आणि 'लेस' हा प्रोग्राम आजही ही बॅकस्पेसची भाषा ओळखतो. आस्कीच्या तक्त्यात १९६७ साली अंडरस्कोर, टिल्डा आणि बॅकटिक आले त्यामागेही हाच हिशेब आहे. मागे येऊन अक्षरावर दुसरी खूण ठोकता यावी, परदेशी भाषांतले स्वर सजवता यावेत. पुढे पडदे आले, पडद्यावर एकावर एक अक्षर ठोकता येत नाही, आणि या बिचाऱ्या खुणा बेरोजगार होऊन कीबोर्डच्या कोपऱ्यात बसून राहिल्या. कुणीतरी त्यांना काम देईपर्यंत.

दुसरा रस्ता होता तो खुणा लपवायचा. १९७४ मध्ये झेरॉक्स पार्कला बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो बनवला. पडद्यावर दिसेल तेच कागदावर येईल असा एडिटर. सिमोनी १९८१ ला मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ ला वर्ड आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मी स्वतः या दोन जगांच्या मध्ये शिकलो. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आईने कॉम्प्युटर क्लासला घातलं, तिथे वर्डस्टार, लोटस, डीबेस असं ठरलेलं त्रिकूट. (माझ्या वयाची मंडळी आत्ता हसली असतील.) वर्डस्टारमध्ये कंट्रोल-पी आणि बी दाबलं की ठळक सुरू, पुन्हा दाबलं की बंद, आणि पडद्यावर शब्दाच्या दोन्ही बाजूंना टोपी घातलेला बी दिसायचा. सरांनी सांगितलं होतं, "ती टोपी प्रिंटमध्ये येत नाही, घाबरू नका." मी घाबरलो नाही, उलट मला ती टोपी आवडायची. ठळक कुठे सुरू झालं, कुठे संपलं, दिसायचं तरी. पुढे कॉलेजात वर्ड आलं आणि एक स्पेस पुसली की अख्खा परिच्छेद कधी जाड व्हायचा ते कळायचंच नाही. आजही कळत नाही.

चांदणीचा जन्म मात्र ना वर्डस्टारमध्ये झाला, ना वर्डमध्ये. ती आली ईमेल आणि यूजनेटमधून. १९८० च्या दशकात निरोप जायचे ते निव्वळ आस्कीत. ठळक नाही, तिरकं नाही, रंग नाही. समोरच्याचा टर्मिनल कुठला आहे हेही माहीत नाही. म्हणजे पुन्हा कार्बनचीच गोष्ट! वरचा कागद तुमच्या हातात, चौथी प्रत कुठल्या तरी देशात कुणाच्या तरी पडद्यावर. मग लोकांनी आपोआप शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्टार द्यायला सुरुवात केली, *असे*. अधोरेखा हवी तर _असे_. कुणी समिती बसली नाही, नियमावली निघाली नाही. दुसऱ्याच्या पत्राच्या ओळींआधी कोन लावून उत्तर द्यायचं, हीसुद्धा तिथलीच रीत. कार्नेगी मेलनमध्ये स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ ला अपूर्णविराम, डॅश आणि कंस यांचा हसरा चेहरा सुचवला, तोही याच घरातला मानायला हरकत नाही. आवाज चढवता येत नाही, हसू ऐकवता येत नाही, तर मजकुरातच काहीतरी ठेवून द्या :-)

१९९२ मध्ये या सवयीला पहिल्यांदा बऱ्यापैकी शिस्त लागली. टिडबिट्स नावाचं मॅकवाल्यांचं साप्ताहिक ईमेलने जायचं. त्यांना असा प्रकार हवा होता की साध्या पडद्यावर नीट वाचता यावा आणि जमलं तर प्रोग्रामलाही त्यातले मथळे ओळखता यावेत. इयन फेल्डमन यांनी त्यासाठी सेटेक्स्ट बनवलं. मथळ्याखालच्या ओळीत बरोबरच्या चिन्हांची रांग, उपमथळ्याखाली डॅशची रांग, ठळकसाठी दोन दोन स्टार. टाइपरायटरवर शीर्षकाखाली रेघ ठोकायचे तेच की हे! बाबांच्या जुन्या फायली मी पाहिल्यात, प्रत्येक मथळ्याखाली अशीच रांग.

मग १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांचं विकी आलं. होनोलुलूच्या विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून नाव घेतलेलं. तिथे दोन अपॉस्ट्रॉफी म्हणजे तिरकं, तीन म्हणजे ठळक. २००१ ला विकिपीडियाने हीच रीत उचलली आणि २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा ती आपल्याकडेही आली.

इथे जरा थांबतो, कारण हा आपला विषय आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. सरकारने १९८६ साली आणलेली ही मांडणी, शिकायला सोपी, शास्त्रशुद्ध. पण या मांडणीत स्टारच्या जागी 'श्र' येतो. हॅशच्या जागी पायातला रकार. अंडरस्कोरच्या जागी विसर्ग. अपॉस्ट्रॉफीच्या जागी 'ट', चौकटी कंसाच्या जागी 'ड', बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकार. म्हणजे जगभरच्या हलक्याफुलक्या खुणांसाठी जी जी बटणं निवडली गेली, ती सगळी आपल्याकडे अक्षरांनी आधीच बळकावली आहेत! मराठीत एक शब्द ठळक करायचा तर कीबोर्ड इंग्रजीत न्या, खूण ठोका, मराठीत या, शब्द लिहा, पुन्हा इंग्रजी. 'साधं, पटकन, हात न उचलता' हे इंग्रजीतलं वर्णन. मी स्वतः फोनेटिकवाला, त्यामुळे मला हे भोगावं लागत नाही, पण ज्यांनी मराठी विकिपीडियावर इन्स्क्रिप्टने हजारो संपादनं केली असतील त्यांना माझा नमस्कार.

आणि मराठीचा दुसरा घोळ प्रत्ययांचा. इंग्रजी शब्द सुटा उभा राहतो. आपण 'पुण्याला' म्हणतो. समजा मला फक्त 'पुण्या'वर जोर द्यायचाय आणि 'ला' साधाच ठेवायचाय. स्टारने मार्कडाउनमध्ये ते जमतं. अंडरस्कोरने जमत नाही, कारण शब्दाच्या पोटातला अंडरस्कोर खूण म्हणून धरायचा नाही, असा आजच्या प्रमाण मार्कडाउनचा नियम आहे. का? तर प्रोग्रामर लोक व्हेरिएबलच्या नावात अंडरस्कोर घालतात. आमच्या जमातीच्या सोयीसाठी मराठीची गैरसोय. अर्थात आपल्याकडे जोर द्यायला भाषेतच एक चिन्ह आहे: 'च'. मीच, पुण्यालाच, आत्ताच. कुठल्याही ॲपमधून एक्सपोर्ट करा, 'च' गळत नाही!

परत मूळ गोष्टीकडे. २००० नंतर ब्लॉग लिहिणाऱ्यांची नवी जमात आली आणि त्यांना एचटीएमएलचे कोनच कोन हाताने लिहायचा कंटाळा होता. डीन ॲलन यांनी २००२ मध्ये टेक्स्टाइल आणलं. त्याच वर्षी ॲरन स्वार्ट्झने एटीएक्स नावाची मांडणी लिहिली, मथळ्याआधी हॅश देणारी. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आणि मार्च २००४ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन ग्रुबर यांनी स्वार्ट्झशी चर्चा करत करत मार्कडाउन प्रसिद्ध केलं. एक पर्ल स्क्रिप्ट आणि एक पान माहिती, बस. ग्रुबर यांचं म्हणणं थोडक्यात असं की मूळ मजकूर, म्हणजे खुणांसकटचा मजकूर, तसाच कुणाला वाचायला दिला तरी तो ओबडधोबड वाटता कामा नये. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या मनाने काही शोधलं नाही. ईमेलमध्ये लोक जे आधीपासून करत होते तेच उचललं. उताऱ्याचे कोन ईमेलचे, रांगांचे मथळे सेटेक्स्टचे, हॅश स्वार्ट्झचा. आजही तपशीलवार नियमांत या दोन प्रकारच्या मथळ्यांना सेटेक्स्ट आणि एटीएक्स अशीच नावं आहेत. स्वार्ट्झ ११ जानेवारी २०१३ ला गेला, सव्वीस वर्षांचा असताना. कुठल्याही नोट्सच्या ॲपमध्ये हॅश ठोकून मथळा करताना मला तो पोरगा आठवतो. बाकी काय बोलणार.

मार्कडाउनमध्ये खोडी नाहीत असं नाही. एक स्टार म्हणजे ठळक, ही ईमेलमधल्या बऱ्याच जणांची समजूत होती. ग्रुबर यांनी एक म्हणजे तिरकं आणि दोन म्हणजे ठळक असं केलं. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये खुणा आणल्या तेव्हा एक स्टार म्हणजे ठळक ठेवलं, स्लॅकनेही तसंच. म्हणून ऑफिसात आपण सगळे दिवसभर एक की दोन, एक की दोन करत बसतो. ओळ तोडायची तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्यायच्या, हा नियम तर कहर. न दिसणारी खूण! अभंगाचे चार चरण चार ओळींत लिहा, मार्कडाउन ते गद्यासारखे एका ओळीत ओतून देतं.

आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे नियमच धड पक्के नव्हते. ग्रुबर यांच्या स्क्रिप्टची अधिकृत आवृत्ती डिसेंबर २००४ ची, १.०.१. त्यानंतर रेडिट, स्टॅक ओव्हरफ्लो, गिटहब, ज्याने त्याने आपापली भर घातली. सप्टेंबर २०१४ मध्ये जेफ ॲटवुड, जॉन मॅकफार्लेन आणि आणखी काही जणांनी 'स्टँडर्ड मार्कडाउन' जाहीर केलं. ग्रुबर नावावरून भडकले, मग त्याचं 'कॉमनमार्क' झालं. मॅकफार्लेन हे बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, फावल्या वेळात पॅनडॉक लिहिणारे. त्यांच्या नियमावलीत सहाशेहून जास्त उदाहरणं आहेत. एका स्टारचा अर्थ लावायला तत्त्वज्ञ लागला, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

आता ऐका, रविवारी दुपारी मला काय सापडलं ते. ग्रुबर यांच्या मूळ मार्कडाउनमध्ये खोडायची खूणच नाही. कॉमनमार्कमध्येही नाही. डीन ॲलन यांच्या टेक्स्टाइलमध्ये होती, शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक डॅश. आपण ज्या दोन टिल्डा मारतो ती गिटहबसारख्यांची भर आहे, गिटहबने २०१७ मध्ये ती आपल्या नियमावलीत लिहूनही काढली. माझ्या जुन्या ॲपने एक्सपोर्ट करताना 'शुद्ध' मार्कडाउन लिहिलं. ठळकला खूण होती, ती लिहिली. खोडलेल्याला शुद्ध मार्कडाउनमध्ये खूण नाही, म्हणून रेघ टाकून दिली आणि शब्द ठेवला. एरर नाही, वॉर्निंग नाही. ज्याने तो कोड लिहिला तो माझ्यासारखाच कुणीतरी असणार. 'न ओळखलेला टॅग सोडून द्या, आतला मजकूर ठेवा', मी स्वतः असा कोड किती वेळा लिहिलाय.

पण टिल्डा तर मी स्वतः ठोकल्या होत्या ना? ठोकल्या होत्या. ॲपने त्या खाल्ल्या. इथेच खरी मेख आहे. २००३ मध्ये कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने ईमॅक्ससाठी ऑर्ग-मोड सुरू केला, किंवा २०२० मध्ये ऑब्सिडियन आलं. यांत तुम्ही ठोकलेली खूण फाइलमध्ये तशीच राहते, दिसायला ठळक दिसेल पण फाइल नोटपॅडमध्ये उघडली की स्टार जागच्या जागी. दुसरी जात नोशनसारख्यांची. तिथे स्टार म्हणजे फक्त कीबोर्डचा शॉर्टकट. दोन स्टार, शब्द, दोन स्टार, की जादू होते, शब्द जाड होतो आणि स्टार गायब. नंतर तो जाडपणा राहतो त्यांच्या डेटाबेसमध्ये, त्यांच्या पद्धतीने. बोटांना दोन्ही सारखंच वाटतं. वीस वर्षं मी हाताने कार्बन कॉपी काढतोय असं समजत होतो आणि निम्म्या ठिकाणी लाल रिबन चालू होती. २०१९ च्या शेवटी स्लॅकने लिहिताना खुणा दिसणंच बंद केलं तेव्हा आमच्या जमातीने केवढा आरडाओरडा केला, शेवटी त्यांना जुन्या पद्धतीचा पर्याय परत द्यावा लागला. तेव्हा मी हसलो होतो, 'काय हा कर्मठपणा' म्हणून. ॲपलच्या नोट्समध्ये २०२५ पासून मार्कडाउनमध्ये एक्सपोर्टची सोय आली, ती चांगलीच आहे. पण एक्सपोर्ट म्हणजे भाषांतर, आणि भाषांतरात काय गळतं ते आमच्या घरी कळलं.

जाता जाता अजून एक. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांत महत्त्वाच्या जागी गेरू लावायचे, आणि चुकलेल्या अक्षरांवर हरताळ. हरताळ म्हणजे पिवळं खनिज, कागदाच्या रंगाशी मिळतंजुळतं. 'तत्त्वांना हरताळ फासला' म्हणतो तो हाच हरताळ. (बंदवाला हरताळ वेगळा, तो दुकानाच्या कुलपावरून आलाय.) म्हणजे ठळक आणि खोडणं या दोन्हींना आपल्याकडे स्वतंत्र रंग होते. आणि पोथीची नक्कल करणारा हरताळ फासलेलं अक्षर पुढच्या पोथीत उतरवतच नसे, त्याला डोकं होतं. माझ्या एक्सपोर्टरला नव्हतं.

रविवारी रात्री बसून चारशे बारा नोट्स तपासल्या. जुन्या ॲपचं खातं अजून उघडं होतं, नशीब. एचटीएमएलमध्ये वेगळा एक्सपोर्ट घेतला, त्यात खोडल्याचा टॅग सापडला, आणि एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहून त्याच्या जागी टिल्डा परत बसवल्या. एकशे सदतीस ठिकाणी. बहुतेक किराणा. पण तीन ठिकाणी औषधं होती, एके ठिकाणी घराच्या कर्जाचा हप्ता, आणि एके ठिकाणी मित्राला लिहून कधीच न पाठवलेलं एक वाक्य. ते परत खोडलं.

बाबांची यादी मात्र साध्या टेक्स्ट फाइलमध्ये हाताने नव्याने लिहिली. टिल्डा होत्याच, शिवाय गोळीच्या नावापुढे शब्दांत 'बंद', तारखेसकट. ताईने प्रिंट काढून फ्रिजवर लावली. बाबांनी चष्मा लावून ती वाचली, मग फोनवर विचारलं, "ही दोन्हीकडे नागमोडी कसली?"

म्हटलं, "खोडलंय ते, बाबा."

"खोडलंय तर वाचता कसं येतंय?" म्हणाले, आणि ताई सांगत होती, टेबलावरचं पेन घेऊन त्यांनी त्या नावावर एकेका अक्षरावर नीट फुल्या मारल्या.